कॉलेजचा खेळ पाहावा कोणीं?

आमच्या शाळेच्या पटांगणावर सामन्याचा दिवस असला म्हणजे जो देखावा दिसतो, तो आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मुलें रेषेभोंवतीं दाटीवाटीनें बसतात. शिक्षक खुर्च्या सोडून उभे राहतात. आणि कुंपणापलीकडे रस्त्यानें जाणारे लोक सायकली टेकवून, हातांतलें ओझें खालीं ठेवून, क्षणभर म्हणून थांबतात व सामना संपेपर्यंत हलत नाहींत. त्यांत कोणी एखाद्या खेळाडूचा बाप असतो, कोणी आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी असतो, तर कोणाचा शाळेशीं कांहींएक संबंध नसतो. आपल्या गांवचीं मुलें खेळत आहेत, एवढेंच त्यांचें नातें. त्यांस कोणी तिकीट विचारीत नाहीं. कुंपण उंच करून त्यांची दृष्टि अडवावी, असें आजवर कोणाच्या मनांतहि आलेलें नाहीं.

परंतु समजा, उद्यां एखादा धनिक येऊन म्हणाला, "तुमच्या पटांगणाभोंवतालचें कुंपण मला विका. मी तेथें भिंत बांधीन, भिंतीला झरोके ठेवीन, आणि झरोक्याशीं येणाऱ्याकडून पैसे घेईन. त्यांतला मोठा वांटा तुमचा. त्यांतून नवी व्यायामशाळा बांधा." तर शाळेनें काय उत्तर द्यावें? हा प्रश्न आम्हांस आज पडलेला नाहीं. अमेरिकेंतील मोठमोठ्या कॉलेजांस मात्र तो पडला, त्यांनीं त्याचें उत्तर दिलें, आणि त्या उत्तराचीं बरींवाईट फळें तेथील लोक आज चाखीत आहेत. तेथली भिंत विटांची नाहीं; ती केबलच्या तारेची, उपग्रहाच्या छत्रीची व मासिक वर्गणीची आहे. त्या गोष्टीचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

शाळेच्या अंकांत अमेरिकेच्या दूरचित्रवाणीची चर्चा कशास, असें कोणी पालक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आमच्याकडील कितीतरी मुलें पुढील शिक्षणासाठीं त्याच कॉलेजांत जातात, व न्यूजर्सी, कॅलिफोर्निया येथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीं मुलें तर तेथेंच शिकतात. शिवाय प्रश्न दूरचित्रवाणीचा कमी आणि शिक्षणसंस्थेच्या कर्तव्याचा अधिक आहे. विद्येच्या घरानें आपल्या अंगणांतील कोणती वस्तु विकावी व कोणती विकूं नये, हा प्रश्न कोणत्याहि देशांतील शाळेस परका नाहीं.

आपल्याकडे कॉलेजचा सामना कॉलेजच्या मुलांनीं खेळावा आणि बहुधा त्यांनींच पाहावा, अशी रीति आहे. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें शरद्‌ऋतूंतील शनिवार हा कॉलेजच्या फुटबॉलचा वार. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट, दोन्ही टोंकांस निमुळता असा चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा व धांवणाऱ्यास अडवून पाडण्याचा तो खेळ आहे. मार्च महिना आला कीं हेंच वेड बास्केटबॉलकडे वळतें. मिशिगन विश्वविद्यालयाच्या क्रीडांगणांत १,०७,६०१ प्रेक्षकांची सोय आहे, आणि ज्या ॲन आर्बर गांवांत तें क्रीडांगण आहे त्याची वस्ती सुमारें सव्वा लाख! नेब्रास्का, आयोवा, अलाबामा यांसारख्या राज्यांत तर पहिल्या प्रतीचा एकहि धंदेवाईक संघ नाहीं. त्या राज्यांतील शेतकऱ्यानें, दुकानदारानें व शाळामास्तरानें ज्यास आपला म्हणावें असा संघ म्हणजे राज्याच्या विश्वविद्यालयाचा. हीं विश्वविद्यालयें राज्याच्या मदतीवर उभीं राहिलीं. विद्यादानाच्या संस्था म्हणून त्यांस करांत सूट मिळते. म्हणून लोक त्या संघावर जो हक्क सांगतात तो निव्वळ भावनेचा नाहीं. त्यांत त्यांचा पैसाहि आहे.

दूरचित्रवाणीचा व कॉलेजच्या खेळाचा संबंध पुष्कळ जुना आहे. १७ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्क येथें कोलंबिया व प्रिन्स्टन यांच्यामधील बेसबॉलचा सामना दूरचित्रवाणीनें दाखविला. त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं फोर्डहॅम व वेन्सबर्ग यांच्यामधील फुटबॉलचा सामना पडद्यावर आला. कॉलेजच्या फुटबॉलचें हें पहिलें दर्शन. त्या काळीं संच मोजके, चित्र अंधुक, आणि लहरींची धांव न्यूयॉर्कच्या आसपासची. वेन्सबर्ग हें पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दूरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील एक लहानसें कॉलेज. त्याचीं मुलें पडद्यावर झळकलीं, परंतु त्या गांवच्या लोकांच्या दृष्टीस तें पडणें शक्य नव्हतें, कारण लहरी तेथवर पोंचत नव्हत्या. यांत दोष कोणाचाच नव्हता. आडवें आलें होतें तें केवळ अंतर.

हें अंतर तोडण्यासाठींच पुढें केबल जन्मास आली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं पलीकडील खोरें कोरडें राहतें. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत व ऑरेगॉन राज्यांतील ॲस्टोरिया गांवीं लोकांनीं एक साधी युक्ति काढली. उंचावर जेथें लहरी सांपडत तेथें त्यांनीं त्या पकडण्याचा सांगाडा उभारिला आणि तेथून तार ओढून घरोघर नेली. ज्यांस दिसत नव्हतें त्यांस दिसावें, एवढाच त्या तारेचा हेतु. पुढें उपग्रह आले. १९९४ सालीं डायरेक्टव्हीनें घराच्या छपरावर मावेल अशी लहान छत्री विकावयास आणिली, आणि जेथें तारहि पोंचली नव्हती अशा दूरच्या शेतावरील घरांतहि चित्र उमटूं लागलें. दोन्ही साधनें वंचितांसाठीं निघालीं. पुढें तींच वंचित ठेवण्याचीं साधनें कशीं झालीं, हेंच आतां पाहावयाचें आहे.

पहिला मनुष्यनिर्मित अडथळा कॉलेजांनींच घातला. एन. सी. ए. ए. ही १९०६ सालीं स्थापन झालेली अमेरिकन कॉलेजांची क्रीडासंस्था. घरीं बसून सामना दिसूं लागला तर क्रीडांगण ओस पडेल, या भीतीनें तिनें १९५१-५२ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील सामन्यांवर कडक मर्यादा घातल्या. फिलाडेल्फियाचें पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालय आपले घरचे सामने पूर्वींपासून दाखवीत असे. तें ऐकेना, तेव्हां संस्थेनें त्याची सभासदत्वाची पत काढून घेतली व प्रतिस्पर्धी संघ त्याच्याशीं खेळण्यास कचरूं लागले. शेवटीं त्यास मान तुकवावी लागली. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ कोणत्या कॉलेजचा सामना दिसावा, किती वेळां दिसावा, हें सर्व ती संस्था ठरवीत असे. १९८२ पासूनच्या योजनेंत तर कोणत्याहि संघास दोन वर्षांत सहाहून अधिक वेळां पडद्यावर येण्याची मुभा नव्हती.

या योजनेचा एक मासला पुढें न्यायालयांत निघाला. १९८१ सालीं एका शनिवारीं ओक्लाहोमा व सदर्न कॅलिफोर्निया या दोन बलाढ्य संघांचा सामना दोनशेंहून अधिक केंद्रांवरून दाखविला गेला. आणि त्याच वेळीं सिटाडेल व ॲपलेचियन स्टेट या लहान कॉलेजांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून. तरी चारहि संघांस सारखाच मोबदला मिळाला. बलाढ्यांस हें साहजिकच खपलें नाहीं. ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विश्वविद्यालयांच्या बाजूनें दावा झाला, आणि २७ जून १९८४ रोजीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला कीं, अशा रीतीनें सामन्यांची संख्या आंवळून धरणें हें व्यापारी स्पर्धेच्या कायद्यास सोडून आहे. निकालपत्र न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं लिहिलें. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ति बायरन व्हाइट होते. ते स्वतः कॉलेजांत असतांना फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. कॉलेजचा खेळ हा इतर व्यापारासारखा व्यापार नव्हे व त्यास त्याच मापानें मोजूं नये, अशा अर्थाचें त्यांचें म्हणणें होतें.

आम्हांस वाटतें, दोन्ही पक्षांत सत्याचा अंश होता. सात न्यायाधीशांनीं पाहणाऱ्याची बाजू घेतली व दार उघडलें, हें योग्यच झालें. परंतु त्या दारांतून पाहणारा एकटाच आंत आला नाहीं. त्याच्यामागोमाग दलालहि आला.

१९७९ सालच्या ७ सप्टेंबरास कनेक्टिकट राज्यांतील ब्रिस्टल येथून ई. एस. पी. एन. ही केवळ खेळासाठीं वाहिलेली वाहिनी सुरू झाली होती. १९८४ च्या निकालानंतर तिला व तिच्यासारख्या इतरांना कॉलेजच्या सामन्यांचा अखंड पुरवठा मिळूं लागला. जेथें पूर्वीं शनिवारीं एखाददुसरा सामना दिसे, तेथें सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सामन्यांची रांग लागली. हा लाभ लहान नाहीं, आणि तो नाकारणारा लेखक प्रामाणिक म्हणतां येणार नाहीं.

परंतु या लाभाचा हिशेब कसा चालतो, तें पाहावें. केबलवाला घरोघर मासिक वर्गणी घेतो. त्या वर्गणींतून वाहिनीच्या मालकास दरघरटी ठराविक रक्कम जाते. घरांतील कोणी खेळ पाहो अथवा न पाहो, आकार सर्वांस सारखा. ज्या आजीबाईंना फुटबॉल आणि भोपळा यांतील फरक ठाऊक नाहीं, त्याहि फुटबॉलचा खर्च भरीत असतात! अशा रीतीनें गोळा झालेला पैसा वाहिनीकडून कॉलेजांच्या संघटनांकडे जातो. करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली कीं वाहिनीचा मालक दर वाढवून मागतो, केबलवाला तो देत नाहीं, आणि दोघांची तेढ मिटेपर्यंत पडदा काळा होतो. वाहिनीचा मालक म्हणतो, "केबलवाल्यास दोष द्या", केबलवाला म्हणतो, "मालकास दोष द्या." वर्गणी भरणारा बिचारा जात्यांतल्या दाण्यासारखा दोन तळ्यांच्या मध्यें.

एक उदाहरण देतों. ३० ऑगस्ट २००७ रोजीं बिग टेन या नांवाच्या अकरा कॉलेजांच्या संघटनेनें स्वतःची वाहिनी काढली. त्या आठ राज्यांतील केबलवाल्यांनीं ती आपल्या सर्व ग्राहकांस द्यावी, असा तिचा आग्रह. कॉमकास्ट या सर्वांत मोठ्या केबल कंपनीचें म्हणणें असें कीं, ज्यास खेळाची आवड असेल त्यानें जादा पैसे देऊन ती घ्यावी. सर्वांवर भार कां? वाद मिटला नाहीं. दोनच दिवसांनीं, १ सप्टेंबरास, ॲन आर्बर येथें मिशिगनचा वर्षांतील पहिला सामना होता. प्रतिस्पर्धी खालच्या श्रेणींतील एक लहान कॉलेज. मिशिगनची गणना देशांतील पहिल्या पांचांत होत होती. पण त्या लहान कॉलेजानें मिशिगनचा ३४-३२ असा पराभव केला. शेवटच्या कांहीं सेकंदांत मिशिगननें गोलावर मारलेली लाथ त्यांच्या खेळाडूनें हवेंतच अडविली! देशांतील क्रमवारींत असलेल्या संघास त्या श्रेणींतील संघानें हरविल्याचा तो पहिलाच प्रसंग. तें लहान कॉलेज कोणतें? ज्याचा सामना १९८१ सालीं अवघ्या चार केंद्रांवरून दिसला, तेंच ॲपलेचियन स्टेट.

क्रीडांगणांत एक लाख नऊ हजारांहून अधिक लोकांनीं हें नाट्य पाहिलें. परंतु खुद्द मिशिगन राज्यांत ज्यांच्या घरीं कॉमकास्टची तार होती, त्यांस तो सामना घरीं दिसला नाहीं. छपरावर उपग्रहाची छत्री असलेल्या शेजाऱ्यास दिसला. त्या दिवशीं घरीं चित्र दिसणें न दिसणें हें संघावरील प्रेमावर किंवा राज्याच्या रहिवासावर अवलंबून नव्हतें; भिंतींतून कोणत्या कंपनीची तार आली आहे, यावर अवलंबून होतें. १९३९ सालीं वेन्सबर्गच्या आड आलें तें अंतर होतें; २००७ सालीं मिशिगनकरांच्या आड आला तो दरघरटी एका डॉलरच्या आसपासचा भाव. तो वाद मिटण्यास २००८ चा जून उजाडला. तोंवर फुटबॉलचा तो सबंध हंगाम निघून गेला होता.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. पॅसिफिक किनाऱ्याकडील बारा कॉलेजांची पॅक-१२ ही संघटना. तिची परंपरा १९१५ पासूनची. ऑगस्ट २०१२ मध्यें तिनेंहि आपली वाहिनी काढली, व दुसऱ्या कोणास भागीदार न घेतां ती सर्वस्वीं आपल्या मालकीची ठेविली. कल्पना स्वाभिमानाची होती. परंतु डायरेक्टव्हीशीं तिचा करार जुळला नाहीं. २०१२ त नाहीं, पुढें कधींच नाहीं. ज्या विस्तीर्ण मुलुखांत दूरदूरच्या घरांस छत्रीचाच आधार, तेथें त्या छत्रीवर आपल्याच कॉलेजांची वाहिनी नाहीं, असें बारा वर्षें चाललें. प्रेक्षक कमी म्हणून उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून कॉलेजें असंतुष्ट. एवढें एकच कारण नव्हतें, तरी हें एक मोठें कारण होतें. २०२४ सालीं बारांपैकीं दहा कॉलेजें दुसऱ्या संघटनांत निघून गेलीं, आणि ३० जून २०२४ रोजीं ती वाहिनी बंद पडली. मागें उरलीं तीं ऑरेगॉन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हीं दोनच. जीं गेलीं त्यांत कॅलिफोर्नियाचीं दोन थोर विद्यापीठें, स्टॅनफर्ड व बर्कले, अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेंत दाखल झालीं! नकाशा समोर ठेवून आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अंतर पाहावें, आणि मग विचार करावा कीं, तेथील पोहणाऱ्या अथवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांमुलींनीं सामन्यांसाठीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जावयाचें, तर पुस्तक उघडावयाचें केव्हां?

असे प्रसंग अद्यापि थांबलेले नाहींत. ३१ ऑगस्ट २०२३ रोजीं फ्लॉरिडा व यूटा यांचा सामना चालू असतांनाच, डिस्ने व चार्टर या दोन कंपन्यांच्या वादापायीं सुमारें दीड कोटि ग्राहकांच्या पडद्यावरून ई. एस. पी. एन. नाहींशी झाली, ती ११ सप्टेंबरास परत आली. १ सप्टेंबर २०२४ रोजीं डिस्ने व डायरेक्टव्ही यांचा असाच बेबनाव झाला, तो १४ सप्टेंबरास मिटला. ३० ऑक्टोबर २०२५ पासून १४ नोव्हेंबरपर्यंत यूट्यूब टीव्हीच्या ग्राहकांनीं तेंच भोगलें. या तारखा पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. तिन्ही वाद फुटबॉलच्या भर हंगामांत उद्भवले. हा योगायोग नव्हे. लोकांचें मन जेव्हां सर्वांत अधिक गुंतलेलें असतें, तेव्हांच दोर ओढला तर दुखतो, हें दोन्ही पक्ष जाणतात. कॉलेजवरील लोकांचें प्रेम हेंच येथें तारण ठेविलेलें असतें.

आतां दुसरी बाजूहि ऐकून घेऊं. ज्यांस हा व्यवहार योग्य वाटतो ते म्हणतात: या पैशावरच कॉलेजांतील इतर खेळ जगतात. फुटबॉल व पुरुषांचें बास्केटबॉल हे कमावते, आणि पोहणें, नौका वल्हविणें, धांवणें, कुस्ती हे खाते. १९७२ सालच्या कायद्यानें मुलींस खेळांत समान संधि द्यावी लागते. त्या संधीचा खर्च कोठून यावा? शिवाय २०२५ पासून कॉलेजें आपल्या उत्पन्नाचा भाग खेळाडूंसहि देऊं लागलीं आहेत. ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा, त्यांस तो मिळणें न्याय्यच आहे. चित्रण करण्यास कॅमेरे लागतात, माणसें लागतात. फुकट कोण करील?

हें म्हणणें पोकळ नाहीं. पैसा नको, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, पैसा मिळवितांना ज्याच्या नांवानें तो मिळतो त्यासच दाराबाहेर ठेवूं नये. आणि दार उघडें ठेविल्यानें संस्थेचें नुकसानच होतें, असेंहि नाहीं. एप्रिल २०२४ मधील बास्केटबॉलच्या दोन अंतिम सामन्यांकडे पाहावें. मुलींचा सामना, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा, ए. बी. सी. वर झाला, ही वाहिनी साध्या अँटेनावर, वर्गणीवांचून, सर्वांस दिसते. मुलांचा सामना दुसऱ्या दिवशीं केबलवरील वाहिन्यांवर झाला. मुलींचा सामना सुमारें १ कोटि ८९ लाख लोकांनीं पाहिला. मुलांचा सुमारें १ कोटि ४८ लाख लोकांनीं. मुलींच्या अंतिम सामन्यानें मुलांच्या सामन्यास मागें टाकल्याचा तो पहिलाच प्रसंग. आयोवाच्या केटलिन क्लार्क हिची कीर्ति हें त्याचें मोठें कारण होतें, हें आम्हीं विसरलों नाहीं. परंतु ती कीर्ति ज्या दारांतून आली तें दार उघडें होतें, हेंहि कोणीं विसरूं नये. ज्या खेळास पूर्वीं कोणी विचारीत नव्हतें, तो लोकांनीं पाहिला म्हणून मोठा झाला. पाहणारा आधीं, पैसा मागाहून. हा क्रम उलटा केला कीं पॅक-१२ ची गति होते.

मग करावें काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें कॉलेजांनीं आपल्या करारांत तीन अटी घालाव्या. पहिली ही कीं, संघाचा सामना कोठल्याहि वाहिनीस विकला तरी त्या कॉलेजच्या स्वतःच्या राज्यांत तो निदान एका मोफत केंद्रावरून दिसावा. दुसरी ही कीं, करार संपण्याची तारीख हंगामाच्या मध्यें नसावी. भांडावयाचें तर उन्हाळ्याच्या सुटींत भांडावें. आणि तिसरी ही कीं, ज्या लहान खेळांस कोणी गिऱ्हाईक नाहीं, त्यांचें साधें चित्रण कॉलेजनेंच इंटरनेटवरून सर्वांसाठीं खुलें करावें. नौका वल्हविणाऱ्या मुलीच्या आईकडून चार पैसे मिळवून कोणतीहि संस्था श्रीमंत होत नाहीं. मात्र तेवढ्यानें ती कोती ठरते.

हे विचार स्वप्नाळू आहेत, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतच १९६१ सालीं झालेल्या कायद्यानें धंदेवाईक फुटबॉलवाल्यांस ताकीद दिलेली आहे कीं, शाळाकॉलेजांच्या सामन्यांच्या हंगामांत शुक्रवारीं सायंकाळीं व शनिवारीं त्यांनीं आपले सामने दाखवून शाळाकॉलेजांच्या जवळपासच्या सामन्यांस धक्का लावूं नये. म्हणजे शाळेचा खेळ ही संरक्षण देण्याजोगी वस्तु आहे, हें तेथील कायदेकर्त्यांस तेव्हां कळत होतें. आपल्या देशाचें उदाहरण तर त्याहून जवळचें. १९९५ सालीं आपल्या सुप्रीम कोर्टानें क्रिकेटच्या एका खटल्यांत, आकाशांतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. आणि २००७ सालच्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरविलेल्या सामन्यांचें थेट चित्रण प्रसार भारतीस देणें बंधनकारक झालें. हक्क कोणीहि कितीहि किंमतीस विकत घेवोत, खेड्यांतील मनुष्यास दूरदर्शनवर तो सामना दिसावा, हा त्याचा हेतु. हा कायदा कॉलेजच्या खेळास लागू नाहीं, व तो सर्वांगीं निर्दोष आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच्या पोटीं जें तत्त्व आहे तें खरें आहे. कांहीं खेळ असे असतात कीं ते विकले, तरी लोकांचे असणें संपत नाहीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपला मुलगा अथवा मुलगी उद्यां परदेशीं वा येथेंच मोठ्या कॉलेजांत जाईल. तेथें प्रवेश घेतांना प्रयोगशाळा व ग्रंथालय किती मोठें, हें आपण विचारतांच. त्याबरोबर, ही संस्था आपल्या गांवच्या लोकांशीं कशी वागते, हेंहि विचारीत जावें. जी संस्था आपल्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास ओळखते, ती आंतल्या विद्यार्थ्यासहि ओळखील, असा आमचा विश्वास आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस काय सांगावें? पडद्यावरचा खेळ पाहा, परंतु त्यानें स्वतः खेळण्याची भूक भागूं देऊं नका. तुमच्यापैकीं कोणी पुढें क्रीडासंस्थेचा चिटणीस होईल, कोणी वाहिनीचा अधिकारी, कोणी न्यायाधीश. त्या वेळीं तुमच्यापुढें करारपत्र येईल व त्यांत मोठे आंकडे असतील. सही करण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटा आणि आपल्या शाळेच्या कुंपणाशीं सायकल टेकवून उभा असलेला तो अनोळखी मनुष्य आठवा. तुम्ही धांव काढली तेव्हां त्यानें टाळी वाजविली होती. त्याच्याकडे तिकीट नव्हतें, आणि तें त्यास कोणीं विचारलेंहि नव्हतें.